पर्समधलं हत्यार

संध्याकाळी नेरुळहून ठाण्याला येणाऱ्या गाडीत जुईनगर गेलं की आमच्या डब्यात भाजी निघते. कुणाच्या मांडीवर मेथी, कुणाच्या मटार, कुणी गवारीच्या शिरा काढतंय. खाली वर्तमानपत्राचं पान, देठं आणि सालं एका पिशवीत. ऐरोली येईपर्यंत जुडी निवडून होते आणि ठाण्याला उतरताना घरचं एक काम हातावेगळं झालेलं असतं. गेल्या हिवाळ्यात माझ्यासमोर बसलेल्या मावशी नेलकटरला जोडलेली असते ना, त्या बोटभर सुरीने फरसबी चिरत होत्या. सुरी बोथट. शेंग चिरली जाण्याऐवजी चेंगरत होती. मी पर्समधून माझा चाकू काढला, उघडला आणि त्यांच्या बाजूला सीटवर ठेवला. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, समोरच्याने ती उचलून घ्यायची, हे आईने लावलेलं वळण. हातात दिली तर भांडण होतं म्हणतात. कात्री नुसती वाजवली तरी होतं म्हणतात. मला यातलं दुसरं पटत नाही, पण पहिलं मी कटाक्षाने पाळते, कारण त्यात बोटं वाचतात.

मावशींनी सगळी फरसबी चिरली. पातं रुमालाला पुसलं. आणि मग जरा पुढे झुकून, आवाज उतरवून विचारलं, "पर्समध्ये चाकू ठेवतेस? कुणाचा त्रास आहे का गं?"

त्यांच्या विचारण्यात इतकी माया होती की मला पटकन उत्तर सुचेना. हाच प्रश्न मला आमच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याने विचारला आहे, जावेने विचारला आहे, एका मॉलच्या दारात पर्स तपासणाऱ्या बाईंनी विचारला आहे. बाईच्या पर्समध्ये चाकू म्हणजे ती घाबरलेली असणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मी म्हणाले, "नाही हो मावशी, पेरू कापायला." त्या हसल्या, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं.

तेव्हापासून हा विषय मनात आहे. कारण मी घाबरून चाकू घेतलेला नाही. उलट तो निवडताना मी जितका विचार केला, तितका फ्रिज घेतानाही केला नव्हता.

माझे आजोबा संगमेश्वरकडचे. घराबाहेर पाऊल टाकताना त्यांच्या कमरेला मागे आकडी असायची आणि आकडीत कोयती. कवळ, म्हणजे झाडाच्या पालेदार फांद्या, तोडायची, बांधावरची वेल छाटायची, शहाळं सोलायचं, वाटेत आडवी आलेली फांदी दूर करायची. आजीच्या चंचीत पान, सुपारी, चुन्याची डबी आणि पितळी अडकित्ता. अडकित्त्याची ती पाती माझ्या आत्ताच्या चाकूपेक्षा धारदार होती. रोजच्या वापरासाठी धारेची वस्तू अंगावर बाळगणं ही आमच्याकडे कुठून बाहेरून आलेली हौस नाही. आजोबांना कुणी विचारलं नाही की कोयती कशाला. आजीला कुणी विचारलं नाही की अडकित्ता कशाला. गाव सुटलं, कमरेची आकडी गेली, चंची गेली, आणि दोन पिढ्यांत धार स्वयंपाकघराच्या खणात जाऊन बसली. घराबाहेर तिचा एकच अर्थ उरला.

माझे मामा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला फिटर होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं, आणि त्यांची पहिली वसाहत ठाण्यातली ही वागळे इस्टेट. मामांच्या उमेदीच्या काळात तिथे रस्त्याने चाललं तरी दोन्ही बाजूंनी लेथचा आवाज येई. मामा कामाच्या सगळ्या वस्तूंना हत्यारं म्हणतात. कानस हत्यार, हॅकसॉ हत्यार, पंच हत्यार, माप घ्यायचं व्हर्नियरसुद्धा हत्यार. खंडेनवमीला ते अजूनही पाटावर स्वच्छ कापड घालून ही सगळी हत्यारं मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात. लहानपणी मला वाटायचं, हत्यार म्हणजे तलवार, मग मामा कानशीला हत्यार का म्हणतात? सुताराचीही हत्यारंच असतात, गवंड्याचीही. मराठीने शस्त्राला आणि अवजाराला एकाच शब्दात बसवलं आहे. हातात काय आहे यावरून त्याचा अर्थ ठरत नाही, हात काय करतोय यावरून ठरतो. मला असा चाकू हवा होता, जो बघताक्षणी कामाचा वाटेल. माझ्या निवडीची पहिली अट ही होती, हे मला फार उशिरा कळलं.

कारण पहिला चाकू मी अगदी उलटा घेतला. ऑनलाइन मागवला, फोटो बघून. काळं पातं, अर्ध्या धारेला करवतीसारखे दाते, टोक पुढे झुकलेलं, आणि मुठीवरच्या बारक्या खुंटीला बोट लावलं की स्प्रिंगने सटकन उघडणारा. पहिले चार दिवस मी तो घरात नुसता उघडत-मिटत बसले होते. मग एका दुपारी कार्यालयात पेढ्याच्या बॉक्सची दोरी कापायला काढला. त्या खटक्याच्या आवाजासरशी शेजारच्या टेबलावरची मुलगी खुर्चीसकट मागे सरकली. हिंदी सिनेमाने आपल्या कानांना या आवाजाची शिकवण दिलेली आहे. रामपुरी उघडला की पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. पेढे खाताना ती मुलगी काही बोलली नाही, पण माझ्या हाताकडे बघत होती. दुसरं असं की दात्यांनी दोरी कापली जाते पण टोमॅटो फाटतो, आणि ते दाते घरी दगडावर लावता येत नाहीत. मामांनी तो चाकू हातात घेतला, पातं आडवं हलवून पाहिलं. ते हललं. "खेळ आहे याच्यात," ते म्हणाले. "नवीन असताना एवढा, तर वर्षाने खुळखुळा होईल." मग त्यांनी तो मिटून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुला रोज कापायचं काय असतं?"

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवा होता.

मी ग्रंथालयात काम करते. आठवडाभर वहीत लिहून काढलं, कधी काय कापलं किंवा कापावंसं वाटलं. पुस्तकांच्या गठ्ठ्यांची सुतळी, रोज. खोक्यांवरची तपकिरी चिकटपट्टी, रोज. नियतकालिकांवरचं प्लॅस्टिक. बारकोडची लेबलं. एका जुन्या बांधणीतला सुटलेला दोरा. डब्यातलं सफरचंद, दोनदा. पेरू, तीनदा. नेरुळ स्टेशनबाहेर घेतलेली काकडी. नव्या कुर्त्याचा टॅग. गोळ्यांची पट्टी, कारण रात्रीच्या दोनच गोळ्या आईकडे द्यायच्या होत्या. दुधाची पिशवी. ही यादी वाचताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. यात असं एकही काम नव्हतं ज्याला बोटापेक्षा लांब पातं लागावं, आणि अर्ध्या कामांना चाकूपेक्षा बारकी कात्रीच बरी. ज्यांना खिशातला चाकू घ्यायचा आहे त्यांनी दुकानात जायच्या आधी ही वही करावी, असं मी मनापासून सांगेन. पोलादाची नावं, कडकपणाचे आकडे, मुठीचं लाकूड, हे सगळं नंतर.

तरी दुसरा चाकूही मी प्रेमात पडूनच घेतला. ओपिनेल. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेलने 1890 साली केलेला शेतकऱ्यांचा चाकू. बीच लाकडाची गोल, पिंपासारखी किंचित फुगीर मूठ, एक पातं, एक खिळा. 1955 साली त्याला मानेशी एक फिरती पोलादी कडी आली. ती वळवली की पातं जागेवर घट्ट बसतं. बस्स, एवढंच. याच्याइतकी सरळ वस्तू मी क्वचित पाहिली आहे. सात नंबरचा, आठ सेंटिमीटर पात्याचा, साध्या कार्बन पोलादाचा मी घेतला. त्याचं पातं इतकं पातळ की पेरूची फोड बीला धक्का न लागता निघायची. मार्चपासून मेअखेर मी त्याच्यावर बेहद्द खूश होते. कैरी कापली तेव्हा पात्यावर निळसर-करडी छटा चढली, तीही मला आवडली. आजीच्या विळीचं पातं तसंच दिसायचं.

मग जून आला. ठाण्याचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना कपाटाची दारं कशी फुगतात ते सांगायला नको. लाकडी मुठीचंही तेच झालं. मूठ दमट हवेत फुगली आणि पात्याला आवळून बसली. सॅव्हॉयमधले लोकही यावर मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, म्हणजे पातं किंचित पुढे येतं आणि नखात धरता येतं. मीही ठोकत होते. गाडीत, कुणाच्या तरी मांडीशी मांडी लावून बसलेलं असताना, चाकूची मूठ ठोकणं काही बरं दिसत नाही. आणि गंज. आपल्याकडे एका बाजूला खाडी, वर चार महिने पाऊस. ओलसर रुमालाशेजारी पर्समध्ये राहिलेल्या त्या पात्यावर एका रात्रीत तांबडे ठिपके धरले. पोलादात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असेल तर त्याचा पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म थर बनतो आणि तो गंजाला अडवतो. साध्या कार्बन पोलादाला हे कवच नसतं. पुसणं, कोरडं ठेवणं, तेलाचं बोट फिरवणं, हाच त्याचा उपाय. घरी ते जमतं. पर्समध्ये, छत्रीच्या शेजारी, जमत नाही. ओपिनेलचा स्टेनलेस प्रकारही मिळतो, पण त्या नेहमीच्या घडणीत मूठ लाकडाचीच. माझा तो चाकू आता ओट्याशेजारच्या खणात आहे आणि घरची फळं तोच कापतो. मी त्याला वाईट म्हणणार नाही. त्याचं हवामान वेगळं आहे.

तिसरा जो घेतला तोच आज पर्समध्ये आहे: व्हिक्टोरिनॉक्सचा क्लायंबर. लाल, मिटलेला 91 मिलिमीटर. स्विस आर्मी नाइफ हे नाव ऐकून मी इतकी वर्षं त्याला टाळत होते, कारण आर्मी म्हटलं की पुन्हा शस्त्रच. पण त्याचा इतिहास वाचला आणि माझंच मत फिरलं. इबाख गावच्या कार्ल एल्सनरने 1884 साली आपला कारखाना सुरू केला आणि 1891 साली स्विस सैन्याला पहिल्यांदा चाकू पुरवले. सैनिकाच्या त्या चाकूत होतं काय? एक पातं, एक टोच्या, डबा उघडायचं पातं आणि रायफल खोलायचा स्क्रूड्रायव्हर. खिशातला चाकू जेवायला आणि दुरुस्तीला. मग 12 जून 1897 रोजी एल्सनरने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यातली युक्ती अशी की एकच स्प्रिंग मुठीच्या दोन्ही अंगांची पाती सांभाळते, म्हणून तेवढ्याच जाडीत जास्त वस्तू बसतात. पुढे 1909 साली आई वारली तेव्हा त्याने तिचं व्हिक्टोरिया हे नाव कारखान्याला दिलं, आणि 1921 साली स्टेनलेस पोलाद आल्यावर त्याला इनॉक्स जोडलं गेलं. म्हणजे त्या नावात आई आणि न गंजणं दोन्ही आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

क्लायंबरमध्ये दोन पाती आहेत. मोठं मी फळांना ठेवलं आहे, छोटं चिकटपट्टी आणि सुतळीला. हा नियम मी मोडत नाही. चिकटपट्टीचा डिंक लागलेल्या पात्याने पेरू कापून मी कुणाला देणार नाही. कात्री तर दिवसातून सर्वाधिक वेळा बाहेर येते. आणि एक हुक आहे, ज्याकडे बहुतेक लोक बघतही नाहीत. दोरीने बांधलेलं पार्सल उचलायला तो दिलेला आहे. सुतळीने आवळलेला पुस्तकांचा गठ्ठा बोटांनी उचलला तर सुतळी कातडीत रुतते. वीस वर्षं माझ्या बोटांवर त्या रेघा होत्या. आता हुक सुतळीत अडकवते, मूठ तळव्यात धरते आणि गठ्ठा खालच्या मजल्यावरून वर आणते. भाजीच्या जड पिशव्याही तशाच.

मामांचा एक आक्षेप मात्र शिल्लक आहे, आणि तो खरा आहे. या चाकूला कुलूप नाही. पातं फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं. पात्याच्या पाठीवर जोर पडला, टोकाने काही टोचायला गेलं, तर ते बोटांवर मिटू शकतं. मामा म्हणतात, लॉक असलेला घे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. लॉक असलेला चाकू माणसाला जोर लावायला धीर देतो, आणि मला पर्समधल्या चाकूने जोराची कामं करायचीच नाहीत. नारळ फोडायला, लाकूड तासायला, खोक्याचा खिळा उपटायला तो नाही. गाडीत मी बसलेली असेन तरच तो उघडते, गाडी स्टेशनात शिरत-निघत असताना हात थांबवते, आणि कापते ते नेहमी अंगापासून लांब, फळाखाली वर्तमानपत्र किंवा डब्याचं झाकण घेऊन. ज्यांना येऊरच्या जंगलात फिरायला जायचं आहे, दोर कापायचे आहेत, त्यांनी मामांचं ऐकावं.

तो दोन हातांनी, नखाने खाच धरून, सावकाश उघडावा लागतो. खटका नाही, आवाज नाही. चाकूचे शौकीन याला उणीव मानतात. माझ्यासाठी हाच त्याचा मोठा गुण आहे. त्या उघडण्याच्या दोन-तीन सेकंदांत समोरच्याला कळतं की आता काहीतरी सोललं जाणार आहे.

कायद्याचंही बघून घेतलं. शस्त्र नियमांत ज्या धारदार हत्यारांचा समावेश होतो, त्यांचं माप पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असं आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, मोर्चांच्या काळात, निवडणुकीत मनाई आदेश निघतात. त्यात चाकूपासून काठीपर्यंत सगळं येतं. ठाण्यातही निघतात, नवी मुंबईतही. मी वर्तमानपत्रात तसा आदेश वाचला की चाकू घरी ठेवते. सभेला, मिरवणुकीच्या गर्दीत, कुणाच्या भांडणाच्या आसपास तो माझ्याजवळ नसतो. विमानाने जायचं असेल तर चेक-इनच्या बॅगेत. माझ्या पहिल्या चाकूचा शेवट विमानतळावरच्या त्या पारदर्शक पेटीत झाला. आणि संरक्षणासाठी म्हणून चाकू बाळगावा, असं मी एकाही मुलीला सांगणार नाही. झटापटीत तो कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. भीतीसाठी माझ्या पर्समध्ये फोन आहे, गर्दीचा डबा आहे, आवाज आहे.

धारेबद्दल न लिहिता हा विषय मला सोडवत नाही. आमच्या नौपाड्याच्या गल्लीत अजून सायकलवाला धारवाला येतो. स्टँडवर सायकल उभी करून पायडल मारतो, दगडी चाक फिरतं, ठिणग्या उडतात, सगळी मुलं जमतात. घरच्या सुऱ्या, कात्र्या मी त्याच्याकडेच देते. खिशातला चाकू नाही. पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा बसवलेला असतो. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, कडेला निळी झाक येते आणि तिथलं पाणी उतरतं. मग ती धार कितीही लावा, टिकत नाही. मामांनी मला घरी धार लावायला शिकवलं. ओला दगड, बारीक पोताचा. पातं दगडाशी साधारण वीस अंशांत. एका बाजूने इतकं घासायचं की पलीकडच्या कडेला केसाहून बारीक कंगोरा उठतो, बोट आडवं फिरवलं की खरखरतो. टूलरूममध्ये त्याला बर म्हणतात. मग दुसरी बाजू. मग हलक्या हाताने दोन्हीकडून तो बर काढून टाकायचा, शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर. दगड नसेल तर चिनी मातीचा मग उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर. ते खरोखर चालतं. सुरुवातीला माझ्या मनगटाचा कोन दर चार हातांना बदलायचा. मामा काही बोलत नसत, नुसतं माझं मनगट धरून पुन्हा जागेवर आणत. धार आली की नाही ते टोमॅटोवर बघायचं: वजन न टाकता साल उघडली पाहिजे. ज्या रविवारी ती पहिल्यांदा उघडली, त्या दिवशी मामांनी पूर्ण टोमॅटो कागदासारखा चिरून मीठ लावून खाल्ला.

बिजागरीला मी एक थेंब खोबरेल घालते. शिवणयंत्राचं तेल जास्त चांगलं, पण फळं कापायची तर तोंडात जाईल ते तेल बरं. डिसेंबरात ते थिजतं आणि पातं जड उघडतं, तेव्हा चाकू दोन मिनिटं मुठीत धरते.

गेल्या खंडेनवमीला मी तो मामांकडे घेऊन गेले. पाटावर कानशी, पंच, व्हर्नियर, मामींची विळी, नातवाचा कंपास. मामांनी माझा चाकू घेतला, पातं आडवं हलवून पाहिलं. हललं नाही. अर्धवट उघडून नखाने टिचकी मारली, कानाशी धरलं, मिटला, आणि व्हर्नियरच्या शेजारी ठेवून त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्यानंतर कामाच्या पहिल्या संध्याकाळी गाडीला अजून तोरणं होती, सुकलेली. मावशी समोरच बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत दोन पेरू होते. त्यांनी ते मांडीवर वर्तमानपत्र पसरून ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि सीटवरची जागा हाताने पुसून मोकळी केली. मी चाकू उघडून तिथे ठेवला. त्यांनी उचलला, फोडी केल्या, तिखटमीठाची पुडी सोडली, शेजारच्या मुलीला दिल्या, मला दिल्या. पातं दोन्ही बाजूंनी पुसलं, सावकाश मिटलं आणि चाकू पुन्हा सीटवर ठेवला. दिघा गेलं होतं. मी तो उचलून पर्समध्ये टाकला, आणि आम्ही दाराशी जाऊन उभ्या राहिलो.